चिलिका सरोवरातील पाणपक्षी
चिलिका हे ओडिशाच्या पुरी, खोर्धा आणि गंजाम जिल्ह्यांत पसरलेले मचूळ पाण्याचे किनारी सरोवर असून हिवाळी पाणपक्ष्यांचे ते देशातील एक प्रमुख आश्रयस्थान आहे. दया, भार्गवी या महानदीच्या शाखा उत्तरेकडून गोडे पाणी व गाळ आणतात, तर सरोवर समुद्राला जोडणाऱ्या मुखातून बंगालच्या उपसागराचे खारे पाणी आत शिरते. त्यामुळे सरोवराची खोली आणि खारटपणा ऋतूनुसार बदलत राहतो, आणि पक्ष्यांची संख्या मुख्यतः त्यावरच ठरते.

ऑक्टोबरपासून बदके उतरू लागतात. १९८७ साली अभयारण्य घोषित झालेले सरोवरातील सुमारे १५ चौ. किमी.चे नलबण बेट पावसाळ्यात बुडालेले असते व पाणी ओसरताना हळूहळू उघडे पडते. तलवार बदक शेपटी वर करून मान बुडवते आणि मान पोचेल तेवढ्याच खोलीवर चरते. पाणी वीतभर वाढले तरी तेथील खाद्य त्याच्या आवाक्याबाहेर जाते.

दर जानेवारीत गणना होते. २०२४ मध्ये सुमारे ११.३७ लाख पक्षी नोंदले गेले. ही बेरीज सावधपणे वाचावी लागते, कारण तिच्यातला मोठा वाटा गॅडवॉल, तलवार बदक आणि विजन या तीनच बदकांचा असतो आणि एखाद्या दुर्मीळ जातीची घसरण लाखांच्या आकड्यात सहज झाकली जाते. पक्ष्यांच्या पायांत कडी घालून एकेका पक्ष्याचा माग ठेवत मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने येथे केलेला अभ्यास म्हणूनच मोलाचा आहे.

गाळाने मुख अरुंद झाल्यावर खारटपणा घटला, पाणवनस्पती माजल्या आणि मोकळे पाणी आक्रसले. १९८१ पासून रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) असलेले हे सरोवर १९९३ मध्ये धोक्यातील पाणथळींच्या माँत्रो नोंदवहीत गेले. सप्टेंबर २००० मध्ये नवे मुख खोदल्यावर समुद्राचे पाणी पुन्हा खेळू लागले व २००२ मध्ये ही नोंद हटली.

शिकारीचा प्रश्न मात्र खोदकामाने सुटणारा नव्हता. उत्तर काठावरील मंगळाजोडी गावात बदके मारून विकणे हा अनेकांचा धंदा होता. तेथील शिकाऱ्यांनीच पुढे संरक्षण समिती उभारली, आणि आज ते बांबूने नाव रेटत पर्यटकांना लांब चोचीचे मालगुजा पक्षी व जांभळ्या पाणकोंबड्या दाखवतात. कोळंबीसाठी घातलेले जाळ्यांचे बेकायदा वेढे अजूनही उथळ पाणी अडवतात.