वंशाचे माप आणि साम्राज्य : समाजशास्त्रातील एका वादाची पार्श्वभूमी

मार्क्स, दुर्खेम आणि वेबर ही समाजशास्त्राच्या आद्य विचारवंतांची त्रयी आज विद्यार्थ्यांना पाठ असते. ती या शास्त्राच्या जन्मापासून ठरलेली नव्हती. विसाव्या शतकाच्या मध्यास, मुख्यतः अमेरिकी विद्यापीठांत ती पक्की झाली, याकडे ऑस्ट्रेलियन समाजशास्त्रज्ञ रेविन कॉनेल यांनी १९९७ मध्ये लक्ष वेधले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हे शास्त्र विद्यापीठांत उभे राहत असतानाच युरोपीय सत्ता आफ्रिका आपसांत वाटून घेत होत्या. तरीही पुढे रूढ झालेल्या सिद्धांतांत साम्राज्याला क्वचितच स्थान मिळाले; ही उणीव कशी भरून काढायची, यावरच आजचा वाद आहे. वसाहतींतील माणसे मात्र मोजमापाचा विषय झाली.

हिंदुस्थानात या मोजमापाशी सर्वाधिक जोडलेले नाव ब्रिटिश अधिकारी हर्बर्ट रिस्ली यांचे. नाकाची लांबी-रुंदी मोजून, नाक जितके रुंद तितका जातीचा दर्जा खालचा, असा नियमच त्यांनी मांडला. १९०१ च्या जनगणनेचे ते आयुक्त होते, त्यामुळे जातीच्या मुळाशी वंशभेद आहे, हे मत सरकारी अहवालांतून शास्त्र म्हणून रुजले.

अमेरिकेत त्याच सुमारास, १८९६ मध्ये, फ्रेडरिक हॉफमन या विमा कंपनीतील संख्याशास्त्रज्ञाने कृष्णवर्णीयांच्या अधिक मृत्युदराचे खापर त्यांच्या वंशावर फोडले. बर्लिन आणि हार्वर्ड येथे शिकलेले कृष्णवर्णीय अमेरिकी समाजशास्त्रज्ञ डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस त्याच वर्षी फिलाडेल्फियाच्या सातव्या वॉर्डात, तिथल्या कृष्णवर्णीय वस्तीत, राहायला गेले आणि घरोघरी फिरून कुटुंब, व्यवसाय, भाडे, शिक्षण, आजार यांची माहिती त्यांनी स्वतः गोळा केली. १८९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथात मृत्यू आणि गुन्हेगारी यांचे धागे गुलामगिरीचा वारसा, कामधंद्यातील वर्णभेद आणि दाटीवाटीची, तरीही महागडी घरे इथपर्यंत नेऊन दाखवले आहेत. आधी सर्वेक्षण, मग निष्कर्ष ही शिस्त त्यांच्याकडे होती आणि हॉफमन यांच्याकडे नव्हती, हे आज दोन्ही लेखन शेजारी ठेवून वाचले की स्पष्ट दिसते. खुद्द वेबर यांनी १९०६ मध्ये आपल्या नियतकालिकात ड्यू बॉइस यांचा लेख छापला. अमेरिकी समाजशास्त्राच्या इतिहासात मात्र पायाभूत कामाचे श्रेय दीर्घकाळ शिकागो विद्यापीठाकडे गेले.

बर्लिनचा दुसरा धागा थेट महाराष्ट्राशी जुळतो. मुंबई विद्यापीठात समाजशास्त्रज्ञ गो. स. घुर्ये यांच्याकडे शिकलेल्या इरावती कर्वे बर्लिनमध्ये जर्मन मानववंशशास्त्रज्ञ ऑयगेन फिशर यांच्या मार्गदर्शनाखाली संशोधनाला गेल्या. फिशर यांचे नाव झाले ते नैऋत्य आफ्रिकेच्या (आजचा नामिबिया) जर्मन वसाहतीतील मिश्रवंशीय समाजाच्या अभ्यासावर, आणि ही तीच वसाहत, जिथे १९०४ ते १९०८ या काळात हेरेरो आणि नामा लोकांचा संहार झाला. कवटीच्या दोन बाजूंमधील असमानतेचा वंशाशी संबंध असावा, अशी फिशर यांची अपेक्षा होती. इरावतीबाईंनी संग्रहातील कवट्या एकेक करून मोजल्या आणि तसा संबंध आढळत नाही, असे आपल्या प्रबंधात नोंदवले. आपल्याच मार्गदर्शकाविरुद्ध, परक्या देशात, एका वसाहतीतून आलेल्या तरुण संशोधिकेने हे लिहिले, याची थोरवी आपल्याकडे पुरेशी ओळखली गेलेली नाही. मायदेशी परतल्यावरही त्यांनी माणसांची शरीरमापे घेणे सोडले नाही, हेही तितकेच खरे. सिद्धांत नाकारला तरी साधने चटकन सुटत नाहीत.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तर तीच साधने उलटवली. १९१६ मध्ये कोलंबिया विद्यापीठातील निबंधात त्यांनी जातीचे मूळ वंशात न शोधता जातीअंतर्गत विवाहाच्या बंधनात, म्हणजे समाजानेच घडवलेल्या व्यवस्थेत शोधले. पुढे १९४८ मध्ये अस्पृश्यतेच्या उगमाविषयी लिहिताना घुर्ये यांनीच मांडलेल्या नाकाच्या मापांचा आधार घेऊन ब्राह्मण आणि अस्पृश्य वेगळ्या वंशांचे नाहीत, असे त्यांनी प्रतिपादन केले. त्याआधी १९४६ मध्ये त्यांनी ड्यू बॉइस यांना पत्र लिहून, अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या वतीने संयुक्त राष्ट्रांकडे झालेल्या अर्जाच्या प्रती मागितल्या होत्या, आणि ड्यू बॉइस यांनी आस्थेने उत्तरही दिले होते.

पुढच्या पिढीत मलेशियाचे समाजशास्त्रज्ञ सय्यद हुसेन अलातास यांनी आग्नेय आशियातून युरोपीय चौकटीतच विचार करणाऱ्या ‘बंदिस्त मना’वर टीका केली. अलीकडे ब्रिटनमधील समाजशास्त्रज्ञ गुरमिंदर भांब्रा यांच्यासारख्या अभ्यासकांची मागणी त्याहून मोठी आहे. वाचनयादीत चार नावे वाढवून त्यांचे समाधान होत नाही. गुलामांचा व्यापार आणि वसाहती वगळून सांगितलेली आधुनिकतेची कहाणीच त्यांना नव्याने लिहून हवी आहे.