फुप्फुस पुनर्वसन

फुप्फुसांचा जुनाट विकार असलेल्या रुग्णाला बेताबेताने वाढवत नेलेला व्यायाम, श्वासाचे तंत्र आणि औषधांचा योग्य वापर शिकवणारी उपचारपद्धती. सीओपीडी (वायुमार्ग कायमचे अरुंद होऊन श्वास अडणे), फुप्फुसांचे तंतुमयीकरण (व्रणासारखे तंतू वाढून फुप्फुसे कडक होणे), ब्राँकिएक्टॅसिस (वायुमार्ग कायमचे रुंदावून त्यांत कफ साचणे) अशा विकारांत ती सुचवतात. भारतात हे रुग्ण फक्त विडी-सिगारेट ओढणारे नसतात. वर्षानुवर्षे चुलीच्या धुरात स्वयंपाक केलेल्या बायकाही त्यांत बऱ्याच असतात.

दम लागतो म्हणून माणूस चालणे टाळतो. मग मांड्यांचे स्नायू रोडावतात आणि थोड्याशा श्रमानेही आणखी लवकर धाप लागते. व्यायाम हे चक्र पायांपाशी तोडतो. फुप्फुसे मात्र दुरुस्त होत नाहीत. स्पायरोमेट्रीचे, म्हणजे नळीत फुंकून केलेल्या श्वासाच्या तपासणीचे, आकडे बहुधा होते तेथेच राहतात. हे रुग्णाला सुरुवातीलाच सांगितलेले बरे.

अशा रुग्णांना पूर्वी विश्रांतीच सांगत. १९५०च्या दशकात अमेरिकेत डॉक्टर अल्व्हन बराक यांनी व्यायामाच्या बाजूने वेगळे मत मांडले आणि १९६०च्या दशकात डेन्व्हर येथे डॉक्टर टॉमस पेटी यांनी पुनर्वसनाचा पद्धतशीर कार्यक्रम चालवला. २०१५ सालच्या कॉक्रेन आढाव्यात (यात अनेक चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र तपासतात) सीओपीडीच्या ६५ चाचण्यांतून चालण्याची क्षमता व जीवनमान दोन्ही सुधारल्याचे दिसले.

या रुग्णांपैकी अनेकांना सततचे दुखणेही असते. स्टिरॉइडमुळे ठिसूळ झालेले मणके, खोकून दुखावलेल्या बरगड्या, श्वासासाठी सतत राबणारे मानेचे स्नायू, शिवाय वयाबरोबर आलेली गुडघेदुखी. दुखले की श्वास उथळ आणि जलद होतो. सीओपीडीत जलद श्वासाने हवा छातीत अडकते आणि धाप वाढते. म्हणून दोन्हींवर एकत्रच विचार करावा लागतो. बरे वाटले त्या दिवशी भरपूर चालायचे आणि पुढचे दोन दिवस अंथरुणात काढायचे, ही चूक फार जण करतात. दुखण्याच्या रुग्णांसाठी सिएटलचे मानसशास्त्रज्ञ विल्बर्ट फोर्डाइस यांनी रूढ केलेला उपाय असा: रोजचा वाटा आधीच ठरवायचा, चांगल्या दिवशीही तो ओलांडायचा नाही, आणि ठरल्या टप्प्यांनी वाढवायचा.

सुरुवातीला रुग्ण सहा मिनिटांत किती चालतो ते मोजतात. श्रमाचा अंदाज बोर्ग मापनश्रेणीवर ० (श्रम मुळीच नाहीत) ते १० (कमाल श्रम) मध्ये रुग्णच सांगतो. ३-४च्या आसपास, म्हणजे धाप लागली तरी वाक्य बोलता येईल इतपत, श्रम सौम्य व्यायामाला पुरतात. सपाटीवर चालणे, खुर्चीतून उठणे-बसणे, पाण्याच्या बाटल्या उचलणे एवढ्यावरही काम भागते. ओठांचा चंबू करून सावकाश श्वास सोडला की वायुमार्ग मिटत नाहीत. घरकामात हात डोक्यावर जाणारी कामे सर्वांत दमवतात, उदाहरणार्थ वेणी घालणे किंवा उंच दोरीवर कपडे वाळत घालणे. कारण एरवी श्वासाला मदत करणारे खांद्यांचे स्नायू तेव्हा हात पेलण्यात गुंततात. दोरी खाली बांधणे आणि जोर लावताना श्वास सोडणे हे व्यायामाइतकेच उपयोगी ठरते.

नुकताच हृदयविकाराचा झटका आला असेल किंवा बसल्या जागी छातीत दुखत असेल, तर व्यायाम सुरू करत नाहीत. व्यायाम करताना छातीत दुखले, चक्कर आली किंवा ऑक्सिजनचे प्रमाण डॉक्टरांनी आखून दिलेल्या पातळीखाली गेले, तर लगेच थांबतात. कार्यक्रम साधारण ६ ते १२ आठवड्यांचा, आठवड्यातून दोन-तीन सत्रांचा असतो. घरी सराव सोडल्यास मिळालेला फायदा वर्षभरात बराचसा ओसरतो.