गरोदरपणात प्लेटलेट कमी म्हणजे पपईच्या पानांचा रस, एवढंच?

फॉरवर्ड असा फिरतो: गरोदरपणात प्लेटलेट कमी होतातच, पपईच्या पानांचा रस प्या, टेस्ट नकोत.

अर्धं खरंय. शेवटच्या महिन्यांत प्लेटलेट थोड्या उतरतात, पण सहसा १ लाखाच्या वर राहतात आणि डिलिव्हरीनंतर आपोआप सुधारतात, म्हणून रसाला श्रेय मिळतं. १ लाखाखाली गेल्या तर कारण शोधायलाच हवं.

आधी रिपीट टेस्ट, कारण कधीकधी ट्यूबमध्ये प्लेटलेट गोळा होऊन मशीन आकडा कमी दाखवतं. मग स्मिअर, म्हणजे मायक्रोस्कोपखाली रक्त बघणं. त्यात तुटलेल्या लाल पेशी दिसल्या, हिमोग्लोबिन घसरलेलं, एलडीएच (पेशी तुटल्या की रक्तात वाढणारं एन्झाइम) वाढलेलं, तर डॉक्टर बीपी, लघवीतलं प्रोटीन, लिव्हरच्या टेस्ट बघून आधी हेल्प सिंड्रोम (गरोदरपणातला गंभीर आजार, ज्यात लाल पेशी तुटतात आणि लिव्हर बिघडतं) आहे का ते तपासतात, पण टीटीपी नावाचा दुर्मिळ आजारही असाच दिसतो. त्यात बहुतेकदा शरीराच्याच अँटिबॉडी अॅडम्ट्स-१३ हे गुठळ्या रोखणारं एन्झाइम बंद पाडतात, लहान रक्तवाहिन्यांत गुठळ्या होतात आणि प्लेटलेट त्यातच संपतात. एन्झाइम १० टक्क्यांखाली असेल तर निदान पक्कं. उपचार नसेल तर बहुतेक पेशंट दगावतात, प्लाझ्मा एक्स्चेंज (रक्तातला पातळ भाग काढून दात्याचा घालणं) वेळेत झालं तर बहुतेक वाचतात, म्हणून दाट शंका असेल तर रिपोर्टची वाट न बघता ते सुरू करतात.

घरी एवढं करा, जुने सीबीसी (रक्तपेशींच्या मोजणीचे) रिपोर्ट शेजारी ठेवून आकडे बघा आणि डॉक्टरांना "स्मिअर बघितलं का?" असं नक्की विचारा. डोकं खूप दुखणं, बोलणं अडखळणं, अंगावर जांभळे ठिपके दिसले तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.