नवी किडनी, जुने स्नायू: व्यायामाचा गुण मोजायचा कसा?

नागपुरात किडनी प्रत्यारोपण झालेले दोघे ओपीडीबाहेर भेटले, की पहिला प्रश्न ठरलेला: "तुमचं क्रिएटिनिन किती आलं?" रक्तातला हा आकडा वाढला, की किडनीचं काम मंदावल्याची शंका येते. किती चालवतं, हात न टेकता खुर्चीतून उठता येतं का, हे कोणी विचारत नाही. माझ्या मते त्या उत्तरांनाही फाईलमध्ये जागा हवी.

किडनी नवी मिळाली तरी आजारपणात झिजलेले स्नायू तेच असतात, आणि शरीराने नवी किडनी नाकारू नये म्हणून दिलं जाणारं प्रेडनिसोलोनसारखं स्टेरॉइड त्यांना आणखी अशक्त करतं. तिथे व्यायाम कामी येतो. पण प्रत्यारोपणानंतर हिमोग्लोबिन वाढतं, भूक लागते, माणूस तसाही सावरतो. मग सुधारणा कशामुळे झाली? म्हणून अभ्यासात चिठ्ठ्या टाकून रुग्णांचे दोन गट पाडतात. एकाला व्यायाम, दुसऱ्याला फक्त नेहमीचे उपचार. दोघांतला फरक तेवढा व्यायामाचा.

सहा मिनिटांत माणूस किती चालतो, हे मोजायला 30 मीटरचा सपाट व्हरांडा पुरतो. मात्र दुसऱ्या खेपेला सरावानेच अंतर वाढतं, म्हणून सुरुवातीलाच दोनदा चालवून मोठा आकडा धरतात. नागपुरात ऋतूही सांभाळावा लागतो. एक चाचणी डिसेंबरच्या गार सकाळी आणि दुसरी मे महिन्यात पारा 45 वर असताना, ही तुलनाच नव्हे. फिरायला अंबाझरी तलावावर खुशाल जा, मोजायचं मात्र छताखाली, त्याच जागी, त्याच वेळेला.

खरी गफलत क्रिएटिनिनमध्ये होते. ते स्नायूंतूनच तयार होतं. व्यायामाने स्नायू भरले, किंवा तपासणीच्या आदल्या दिवशी जड व्यायाम झाला, तर आकडा थोडा वर सरकू शकतो आणि घरभर धास्ती पसरते. अशा वेळी सिस्टॅटिन सी हे रक्तातलं प्रथिन मोजल्याने मदत होते; किडनीचं काम त्यावरूनही कळतं. त्याचं प्रमाण स्नायूंवर फारसं अवलंबून नसतं. तरी "व्यायामामुळे असेल" असं स्वतःच ठरवू नका. आकडा वाढला की डॉक्टरांना दाखवाच.

हृदय बदललेल्यांची नाडीच वेगळी चालते. प्रत्यारोपणात हृदयाचे मज्जातंतू तुटतात, त्यामुळे बसल्या जागीही ठोके 90-100 च्या घरात असतात. चालू लागल्यावर ते रक्तातल्या अॅड्रिनॅलिनच्या जोरावर सावकाश चढतात, थांबल्यावर उशिरा उतरतात. घड्याळातले ठोके बघून व्यायामाचा जोर ठरवणं इथे फसतं. त्यापेक्षा किती दम लागला, ते रुग्णानेच 6 (काहीच श्रम नाहीत) ते 20 (कमाल श्रम) अशा आकड्यांच्या बोर्ग पट्टीवर सांगावं. हृदय प्रत्यारोपण झालेल्यांच्या, 2019 साली प्रसिद्ध झालेल्या स्कॅन्डिनेव्हियन अभ्यासात, मास्क लावून मोजलेली ऑक्सिजन वापरण्याची कमाल क्षमता मध्यम व्यायामाने सुमारे 15 टक्के वाढली; मध्ये मध्ये उसंत घेत केलेल्या जोरकस व्यायामाने 25 टक्के.

एवढी यंत्रं तालुक्याच्या दवाखान्यात नसतात. तिथे भिंतीला टेकवलेली, साधारण 43 सेंटीमीटर उंचीची खुर्ची चालते. हात छातीवर घडी घालून 30 सेकंदांत किती वेळा पूर्ण उभं राहता येतं, ते मोजायचं. तीन महिन्यांनी पुन्हा, त्याच खुर्चीवर, फिजिओथेरपिस्ट शेजारी असताना.