व्यसनकथन, पत्रकारांचे

पत्रकाराने आपल्या पूर्वायुष्यातील अमली पदार्थांच्या व्यसनाविषयी स्वतःच्या नावानिशी, वाचकांसाठी केलेले लेखन. ते कधी वृत्तपत्रातील सदरात येते, कधी दिवाळी अंकातील दीर्घ लेखात, तर कधी पुस्तकरूपाने. आत्मचरित्राशी त्याचे नाते उघड असले, तरी एक मोठा फरक आहे. दुसऱ्याने सांगितलेल्या गोष्टीची खातरजमा करून मगच ती छापणे हा पत्रकाराचा धर्म; येथे मात्र सांगणारा आणि तपासणारा एकच असतो, आणि ज्या दिवसांविषयी लिहायचे ते दिवस तर नशेतच गेलेले असतात.

इंग्रजीत या लेखनाचा उगम नियतकालिकांतच सापडतो. लेख लिहून पोट भरणाऱ्या टॉमस डी क्विन्सी याने आपल्या अफूच्या व्यसनाची कहाणी १८२१ मध्ये ‘लंडन मॅगझिन’मध्ये निनावी छापली. मात्र पत्रकारितेची शिस्त स्वतःच्याच भूतकाळाला लावण्याचे ठळक उदाहरण अलीकडचे, ‘न्यूयॉर्क टाइम्स’चा पत्रकार डेव्हिड कार (मृत्यू २०१५) याचे आहे. कोकेन आणि क्रॅक (कोकेनचाच ओढण्याचा प्रकार) यांच्या व्यसनातून बाहेर पडल्यानंतर अनेक वर्षांनी त्याने जुने मित्र, नातेवाईक, वरिष्ठ अशा सुमारे ६० जणांच्या मुलाखती घेतल्या, पोलिसांचे व रुग्णालयांचे जुने कागद मिळवले आणि त्यांवरून २००८ मध्ये ‘द नाइट ऑफ द गन’ हे पुस्तक लिहिले. नोकरी गेली त्या रात्री मित्राने आपल्यावर पिस्तूल रोखले होते, अशी त्याची पक्की आठवण होती. वीस वर्षांनी त्या मित्राला गाठले, तेव्हा पिस्तूल बहुधा कारच्याच हातात होते असे तो म्हणाला. कारने ही विसंगती लपवली नाही, उलट तिच्यावरच पुस्तक उभे केले. याच सुमारास, २००६ मध्ये, जेम्स फ्रे या लेखकाच्या गाजलेल्या व्यसनमुक्ती-कथनातील अनेक प्रसंग बनावट असल्याचे उघडकीस आले होते. फ्रे पत्रकार नव्हता. पण आपल्या दुर्दशेचे वर्णन वाढवून सांगण्याचा मोह किती अनावर असतो, हे त्या प्रकरणातून दिसले.

पुण्यात ही वाट उलट्या बाजूने तयार झाली. व्यसनाविषयी लिहिण्याची येथील परंपरा जुनी आहे. १९०८ साली ‘केसरी’कार टिळकांच्या पुढाकाराने शहरात दारूच्या दुकानांसमोर निदर्शने झाली. मात्र त्या परंपरेत लिहिणारा नेहमी गुत्त्याबाहेर उभा असे. डॉ. अनिल अवचट (१९४४–२०२२) हेही स्वतः व्यसनी नव्हते, पण १९८० च्या दशकात गर्द (अशुद्ध हेरॉइन) ओढणाऱ्या तरुणांशी तासन्‌तास बोलून त्यांनी जी लेखमाला लिहिली, तीत व्यसनी माणसाला मोकळेपणाने बोलू दिले गेले. गर्द वेळेवर न मिळाल्यास नाक गळू लागते, हातपाय पिळवटतात, जुलाब होतात, रात्रभर डोळ्याला डोळा लागत नाही. या अवस्थेला व्यसनी मंडळी ‘टर्की’ म्हणतात आणि मराठी वाचकांपैकी अनेकांना ती अशाच लेखनातून कळली. लेखमाला वाचून पु. ल. व सुनीता देशपांडे यांनी आर्थिक साहाय्य देऊ केले आणि २९ ऑगस्ट १९८६ रोजी येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू झाले. त्याची घडी मनोविकारतज्ज्ञ डॉ. अनिता अवचट (मृत्यू १९९७) यांनी बसवली. व्यसनातून बाहेर पडलेली माणसेच तेथे समुपदेशकाचे काम करू लागली, आणि चारचौघांत उभे राहून ‘मी व्यसनी आहे’ असे म्हणणे हा उपचाराचाच भाग झाला. पत्रकाराच्या कबुलीचे बीज या तोंडी कथनात आहे.

तरी तोंडी कथन आणि छापील कथन यांत एक अडथळा आहे. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस (स्थापना १९३५) आणि नार्कोटिक्स ॲनॉनिमस (१९५३) या व्यसन सोडू पाहणाऱ्यांच्या दोन्ही परस्परसाहाय्य संघटनांच्या बारा ‘परंपरां’पैकी, म्हणजे नियमांपैकी, अकराव्यानुसार वृत्तपत्रे, रेडिओ व चित्रपट यांच्या पातळीवर सभासदाने अनामिक राहायचे असते. सभेत आडनाव न सांगणाऱ्या माणसाची रोजीरोटी मात्र नावानिशी छापून येण्यावर चालत असते. म्हणून काही जण संघटनेचा उल्लेख गाळून केवळ व्यसनाविषयी लिहितात, तर काही टोपणनाव घेतात. पण टोपणनाव घेतले की लेखनाचे बरेचसे बळ जाते, कारण ओळखीच्या नावामागे ही कहाणी आहे हे कळणे हाच त्याचा गाभा असतो.

कायद्याची भीती वाटते तेवढी मोठी नाही. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कलम २७ नुसार सेवन हाही गुन्हा आहे. हेरॉइन, कोकेन यांसारख्या पदार्थांसाठी एक वर्षापर्यंत आणि इतर बहुतेक पदार्थांसाठी सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. मात्र एवढ्या शिक्षेच्या गुन्ह्याची दखल न्यायालयाने साधारणपणे एका वर्षाच्या आत घ्यावी लागते, त्यामुळे जुन्या सेवनाची कबुली सहसा खटल्यापर्यंत जात नाही. स्वेच्छेने मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घेणाऱ्या व्यसनीला कलम ६४-अ संरक्षणही देते. अडचण येते ती विक्रीच्या कबुलीने. स्वतःच्या पुडीचा खर्च भागवण्यासाठी दुसऱ्याला पुड्या पोचवणे हे व्यसनात नवल नाही, पण कायद्याने तो वेगळा आणि गंभीर गुन्हा आहे.

अशा लेखनाची गरज रोजच्या बातम्यांवरून समजते. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीतील कारखान्यावर छापा घालून मेफेड्रोनचा, म्हणजे ‘एमडी’चा, मोठा साठा पकडला, तेव्हा बातम्यांचे मथळे किलो आणि कोटी यांनी भरले. गुन्हेवार्ताहराच्या बातमीत पदार्थ असतो, आरोपी असतो. तो पदार्थ घेणारा माणूस मात्र क्वचितच दिसतो.

नैतिकदृष्ट्या सर्वांत नाजूक प्रश्न इतरांचा आहे. लेखक स्वतःची संमती देऊ शकतो. वॉर्डात शेजारच्या खाटेवर असलेल्याची, उसने पैसे बुडालेल्या सहकाऱ्याची किंवा लहान वयात सारे पाहिलेल्या मुलांची देऊ शकत नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने व्यसनाशी निगडित मानसिक स्थितींचा समावेश मानसिक आजारात केला आहे आणि उपचार घेणाऱ्या व्यक्तीची माहिती किंवा छायाचित्र तिच्या संमतीविना माध्यमांना देण्यास मनाई केली आहे. सहरुग्णांची केवळ नावे बदलणे त्यामुळे पुरेसे ठरत नाही; गाव, व्यवसाय आणि दाखल झाल्याचे वर्ष एकत्र आले की पुण्यासारख्या शहरात ओळख पटायला वेळ लागत नाही, म्हणून हे तपशीलही बदलावे लागतात आणि तसे केल्याचे वाचकाला सांगावेही लागते.