मेसचं ताट अर्धं परत जातं तेव्हा

आमच्या हॉस्टेलला एक पोरगी होती, तिचे आठवड्याचे तीन उपवास ठरलेले, सोमवार गुरुवार शनिवार, चतुर्थी आली की चौथा. मेसवाल्या मावशी तिच्यावर जाम खूश, पोरगी किती देवधर्माची आहे म्हणायच्या. रविवारी वरण-बट्टी असली की मात्र ती बट्ट्यांवर बट्ट्या खायची आणि मग नळ सोडून अर्धा अर्धा तास बाथरूममध्ये. आम्हाला वाटायचं तूप सोसत नाही बिचारीला. रूममध्ये आम्ही चौघी, एकीलाही कळलं नाही की हा आजार आहे.

त्याला बुलिमिया म्हणतात. भसाभसा खायचं, हात थांबतच नाही, मग अपराधी वाटून उलटी काढायची नाहीतर जुलाबाच्या गोळ्या घ्यायच्या नाहीतर दोन दिवस कडक उपाशी राहायचं. लंडनच्या जेराल्ड रसेल यांनी १९७९ मध्ये याचं वर्णन केलं. ऍनोरेक्सिया वेगळा, त्यात खाणंच इतकं कमी होतं की हाडं दिसायला लागतात. तिसरा प्रकार म्हणजे अनावर खाणं पण उलटी वगैरे काही नाही, त्याला २०१३ पासून अमेरिकन मानसोपचाराच्या यादीत स्वतंत्र जागा मिळाली. बुलिमियातलं वजन बरेचदा अगदी नॉर्मल असतं, म्हणून तर कोणाला शंका येत नाही.

आता लोक म्हणतात मनाला आवर नाही, फॅशनची हौस. हे मला साफ चुकीचं वाटतं, आणि त्याला उत्तर आहे अमेरिकेतल्या मिनेसोटाच्या प्रयोगात. १९४४-४५ मध्ये तिथे ३६ धडधाकट तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं, वजन साधारण पाव हिश्श्याने उतरलं. ह्या पुरुषांना ना बारीक दिसायचं होतं ना कोणी बघायला येणार होतं, तरी ते दिवसभर जेवणाचाच विचार करायचे, पाककृतींची पुस्तकं वाचत बसायचे, चिडके झाले, आणि नंतर जेवण मोकळं केल्यावर काहीजण पोट फुटेस्तोवर खात सुटले. म्हणजे भूक दाबली की ती अशी उसळून येते, ते शरीराचं काम आहे. रविवारच्या त्या बट्ट्या आधीच्या तीन उपवासांनी मागितलेल्या होत्या असं आता मला वाटतं.

मग हे नेमकं कॉलेजच्या वयातच का? एकतर वयच तसं, हे आजार बहुतेक करून किशोरवय ते पंचविशीच्या आत सुरू होतात. त्यात घर पहिल्यांदा सुटतं, डब्यात काय आहे ते बघणारी आई जळगाव-धुळ्याच्या हॉस्टेलात नसते. परीक्षेचं टेन्शन, सगळं परफेक्ट पाहिजे हा स्वभाव, एकाएकी धरलेलं कडक डाएट, हे सगळे धोके. अनुवंशही आहे, २०१९ मध्ये जवळपास १७ हजार ऍनोरेक्सिया पेशंटच्या अभ्यासात या आजाराशी जोडलेल्या जनुकांमधल्या आठ जागा सापडल्या. आणि लोकांची तोंडं! अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आलेल्या पोरीला दारातच कोणीतरी म्हणणार, कितली वाळी गयी व माय (किती वाळलीस गं बाई), आणि तीच बाई पुढच्या वेळी म्हणणार जाड झाली, स्थळ कसं येणार.

पडद्याचाही हात असतो. फिजी बेटांवरच्या एका भागात १९९५ मध्ये टीव्ही आला, तेव्हा वजनासाठी उलटी काढणारी एकही शाळकरी मुलगी पाहणीत नव्हती, तीन वर्षांनी ११.३ टक्के होत्या. तिथे तर तोवर भरल्या अंगाचीच बाई चांगली मानत.

पण आपल्याकडे जाडीची भीती तोंडावर येतेच असं नाही, त्यामुळे घोळ होतो. हाँगकाँगचे डॉक्टर सिंग ली यांनी १९९३ मध्ये ७० ऍनोरेक्सिया पेशंटची माहिती छापली, त्यातल्या निम्म्याहून जास्त जणांनी जाड होण्याची भीती सांगितलीच नाही, पोट फुगतं, भूक नाही असंच सांगितलं. आपल्या पोरीही तेच म्हणतात ना, ऍसिडिटी आहे, पचत नाही, उपवास आहे. पाळी बंद झाली तर घरचे आधी दृष्ट काढतात, खरं तर उपाशी शरीरात मेंदूच पाळीची यंत्रणा बंद करतो.

वारंवार उलट्यांनी दात आतल्या बाजूने झिजतात, जबड्यापाशी गाल सुजतात, बोटांच्या सांध्यांवर दातांचे घट्टे पडतात. सगळ्यात वाईट म्हणजे रक्तातलं पोटॅशियम उतरतं आणि हृदयाचे ठोके बिघडतात, यात जीव जाऊ शकतो. म्हणून ईसीजी आणि रक्ततपासणी आधी. आणि खूप दिवस उपाशी राहून वाळलेल्या पोरीला घरी आणून एकदम तूप-लाडू-मांडे कोंबू नका, रक्तातले क्षार झपकन खाली जातात, जेवण डॉक्टरच्या देखरेखीतच वाढवायचं.

बुलिमियाच्या समुपदेशनात सुरुवातच नियमित जेवणापासून होते, तीन जेवणं, मधे दोन-तीनदा थोडं थोडं, चार तासांपेक्षा जास्त पोट रिकामं नाही. म्हणजे उपवास बंद करावे लागतात, घरी कुरकुर होईल, पण आजारी माणसाला उपवास नाही हे आजीलाही मान्य असतं. मैत्रिणीशी बोलायचं तर वजनाचा विषयच नको, तू हल्ली गप्प असतेस, बाथरूममध्ये रडतेस का, इतकंच विचारा. सरकारची टेली-मानस लाईन १४४१६ आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं, फोन लावताना तिच्या शेजारी बसलात तरी चालतं.