आवरलेली डिकी आणि बांधलेली डिकी

डिकी उघडली की सगळं ओळीत दिसतं. पिशव्या एका बाजूला, पाण्याचा कॅन कोपऱ्यात, हवा भरायचा पंप त्याच्या डब्यात, पुसायची फडकी ऑर्गनायझरच्या कप्प्यात. अशी डिकी पाहिली की गाडीवाला निर्धास्त होतो आणि गफलत नेमकी इथेच होते. ही डिकी आवरलेली आहे, पण बांधलेली असेलच असं नाही. आवरलेलं सामान गाडी उभी असताना उपयोगी पडतं. बांधलेल्या सामानाची किंमत गाडी अचानक थांबते तेव्हा कळते. दोन्ही कामांची साधनं दिसायला इतकी सारखी असतात की एकासाठी खरेदी करून दुसरंही झालं असं मानणारे खूप आहेत.

आधी आवरण्याबद्दल, कारण त्याला कमी लेखण्याचं कारण नाही. भर पावसात रस्त्याच्या कडेला चाक बदलायची वेळ आली की स्टेपनी, जॅक आणि पाना डिकीच्या तळाखाली असतात आणि त्यावर घरातलं निम्मं सामान पडलेलं असतं. इशारा देणारा त्रिकोण तर सर्वांत आधी हाताला लागायला हवा. तो शोधायला सगळी डिकी रस्त्यावर रिकामी करावी लागत असेल तर तो असून नसल्यासारखा. आवरताना वजनही कमी होतं. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याच्या हिशेबाप्रमाणे साधारण ४५ किलो जादा वजनामागे मायलेज १ टक्क्याच्या आसपास घटतं. आकडा छोटा वाटेल, पण विसरलेलं सामान वर्षभर गाडीबरोबर फिरत असतं. आणि मुळात सामान कमी असलं तरच ते नीट बांधता येतं. म्हणून आवरणं ही पहिली पायरी आहे, हे मी मनापासून मानतो. ती शेवटची पायरी समजली की घोळ होतो.

घरातलं कपाट जागचं हलत नाही, म्हणून त्यातल्या वस्तू फक्त नीट रचल्या तरी पुरतं. डिकीचं तसं नसतं. कोरड्या रस्त्यावर ब्रेक जोरात दाबला की प्रत्येक वस्तूवर पुढच्या दिशेने जवळजवळ तिच्या स्वतःच्या वजनाएवढा जोर येतो. डिकीच्या गालिच्यावर ठेवलेला प्लॅस्टिकचा डबा सरकायला मात्र त्याच्या वजनाच्या साधारण एक तृतीयांश जोर पुरतो. म्हणजे नुसतं घर्षणावर सोडलेलं सामान जोरदार ब्रेकलाच जागा सोडतं, त्यासाठी अपघात व्हावा लागत नाही.

अपघाताचा हिशेब वेगळाच आहे. ताशी ५० किलोमीटर वेगातली गाडी समोर आदळली आणि पुढचा भाग अर्धा मीटर चेपला, असं धरू. तेवढ्या अंतरात थांबताना सरासरी जोर वजनाच्या सुमारे वीसपट होतो. ५ लिटरचा पाण्याचा कॅन त्या क्षणी १०० किलोसारखा ढकलतो आणि ८ किलोची हत्यारांची पेटी १६० किलोसारखी. वेल्क्रोची पट्टी किंवा ऑर्गनायझरची शिवण यापुढे काय टिकणार?

स्वतःच्या डिकीची परीक्षा घ्यायची तर मनातल्या मनात गाडी नाकावर उभी करा, बॉनेट जमिनीकडे आणि डिकी आकाशाकडे. आता जे जे खाली घरंगळेल ते जोरदार ब्रेकला टिकणारं नाही. ही फक्त ब्रेकची परीक्षा झाली. टक्कर तिच्या वीसपट कडक असते.

आता एकमेकांशी घोटाळा होणारी साधनं पाहू. सर्वांत जास्त फसवते ती जाळी. लवचीक दोऱ्यांची, चार हुकांना अडकवायची जाळी गाडीबरोबर मिळते किंवा स्वस्तात विकत घेता येते. तिचं काम पिशवी कलंडू न देणं आणि फळं डिकीभर पसरू न देणं. ती आवरण्याचं साधन आहे. दुसरी जाळी मागच्या सीटची पाठ आणि छप्पर यांच्यामध्ये ताणून बसवतात. ती जाड पट्ट्यांनी विणलेली असते, तिला वर धातूचा दांडा असतो आणि ती छतातल्या खास खाचांत अडकते. बऱ्याच स्टेशन वॅगन आणि मोठ्या एसयूव्हींमध्ये या खाचा छताच्या अस्तरातल्या छोट्या झाकणांखाली असतात आणि मालकाला कित्येकदा त्यांचा पत्ताही नसतो. सीटच्या पाठीपेक्षा उंच सामान भरायचं असेल तर ही दुसरी जाळी नसताना वरचा सगळा थर थेट माणसांच्या डोक्यांच्या रेषेत असतो. प्रवासी गाड्यांमध्ये सामान जखडण्याच्या साधनांसाठी आयएसओ २७९५५ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. जाळी विकत घेताना तिच्या माहितीत असा काही उल्लेख आहे का, एवढं पाहिलं तरी दोन जाळ्यांतला फरक बऱ्यापैकी कळतो.

हूक आणि कडी यांचंही तसंच. डिकीच्या बाजूच्या भिंतीवर असतो तो प्लॅस्टिकचा हूक पिशवी टांगण्यासाठी, मोजक्या किलोंच्या भारासाठी. तळाच्या कोपऱ्यांत, कधी गालिच्याच्या कडेला लपलेली, बॉडीला बोल्टने पक्की केलेली धातूची कडी असते ती सामान बांधण्यासाठी. पट्टा कडीतूनच ओवायचा. हूक जवळ आणि सोयीच्या उंचीवर असतो म्हणून लोक त्यातून ओवतात आणि पहिल्याच झटक्याला तो तुटून येतो. कोणती कडी किती भार घेते ते अनेकदा गाडीच्या माहितीपुस्तिकेत दिलेलं असतं.

मग लवचीक दोरी आणि पट्टा. दोन्हींना आकडे असतात, दोन्ही ताणून बसवतात. पण लवचीक दोरी ताणली जाते, हाच तिचा धर्म. वजन पुढे जाऊ लागलं की ती त्याच्याबरोबर लांबत जाते. शिवाय ताणलेला आकडा निसटला तर तो उलट येऊन डोळ्यालाही लागू शकतो, म्हणून ती लावताना चेहरा कायम तिच्या रेषेबाहेर ठेवा. न ताणणाऱ्या विणीचा पट्टा, बकलचा किंवा रॅचेटचा (म्हणजे दातेरी चाकाच्या कळीने आवळायचा), हे बांधण्याचं साधन. चांगल्या पट्ट्याच्या लेबलावर एलसी (पट्ट्याची भार पेलण्याची क्षमता) अशी अक्षरं आणि पुढे डीएएन या एककातला आकडा असतो. एक डीएएन म्हणजे ढोबळमानाने एक किलोचा भार. लेबलच नसेल तर तो पट्टा हलक्या सामानापुरताच वापरावा, असं माझं मत. रॅचेट मात्र अति आवळू नका, कारण पुठ्ठ्याचं खोकं चेपलं की काही किलोमीटरांत तोच पट्टा सैल पडतो.

पार्सल ट्रेबद्दल, म्हणजे मागच्या सीटमागे डिकी झाकणाऱ्या आडव्या तक्त्याबद्दल, थोडक्यात. तो झाकण आहे, फळी नाही. त्यावर काहीही ठेवू नये.

साधनांच्या खरेदीपेक्षाही महत्त्वाची गोष्ट रचनेची आहे आणि इथे दोन्ही विचार समोरासमोर येतात. आवरणारा माणूस रोज लागणारी वस्तू दाराजवळ ठेवतो. हत्यारांची पेटी जड, वाकून आत सरकवायला कंटाळा, म्हणून तीही दाराशीच. प्रत्येक प्रकाराच्या सामानामध्ये थोडी मोकळी जागाही सोडतो, म्हणजे सगळं वेगवेगळं दिसतं. बांधणाऱ्याला नेमकं उलट हवं असतं. जड वस्तू सर्वांत खाली, सर्वांत पुढे, मागच्या सीटच्या पाठीला चिकटून. हलकी वर आणि मागे. आणि फट कुठेही नको.

फटीबद्दल जरा थांबून सांगायला हवं, कारण दोन पट्टे वाढवण्यापेक्षा ती बुजवण्याने अनेकदा जास्त साधतं. सीटच्या पाठीला टेकलेली पेटी गाडीबरोबरच वेग कमी करत थांबते. तीच पेटी फूटभर मागे असेल तर गाडी थांबत असताना ती जुन्याच वेगाने पुढे येत राहते, मग पाठीवर आदळते आणि आपला उरलेला वेग अगदी थोड्या अंतरात टाकते. अंतर जितकं कमी तितका जोर जास्त. वर मांडलेला वीसपटीचा हिशेब टेकलेल्या पेटीचा होता. मोकळ्या पेटीचा त्याहूनही वाईट.

सीटची पाठ हा धक्का किती सोसते, याचीही चाचणी असते. संयुक्त राष्ट्रांच्या वाहन नियमांपैकी १७ क्रमांकाच्या नियमात डिकीत प्रत्येकी १८ किलोचे दोन ठोकळे पाठीपासून २० सेंटिमीटरवर ठेवतात आणि ताशी सुमारे ५० किलोमीटरच्या टक्करीएवढा धक्का देतात. पाठ ठराविक मर्यादेपलीकडे पुढे येता कामा नये आणि तिचं कुलूप सुटता कामा नये. दोन ठोकळे मिळून ३६ किलो. २० लिटर पाण्याचे दोन कॅन भरले की आपण त्या वजनाच्या पुढे गेलो, आणि ताशी १०० ने जात असू तर वेगाची ऊर्जा चौपट. पाठ आहे ना, मग डिकीत काहीही टाका, असं म्हणणाऱ्यांनी हे आकडे एकदा शेजारी ठेवून पाहावेत.

सामान भरण्याआधी पाठ दोन्ही बाजूंनी पक्की लागली आहे ना, हेही हाताने ओढून पाहा. बऱ्याच गाड्यांत कुलूप नीट बसलं नसेल तर बटणापाशी लाल खूण दिसते. मागे कोणी बसणार नसेल तर बाहेरच्या दोन सीटबेल्ट एकमेकांवरून तिरप्या नेऊन समोरच्या बकलमध्ये अडकवा, पाठीला चांगला आधार मिळतो. एकच माणूस मागे बसणार असेल तर जड सामान रिकाम्या सीटच्या मागे जाऊ द्या.

अँटी-स्लिप, म्हणजे सामान सरकू न देणारी, चटई ही दोन्ही प्रकारांत थोडी थोडी मोडते. गालिच्यापेक्षा ती साधारण दुपटीने धरून ठेवते, त्यामुळे वळणावर आणि नेहमीच्या ब्रेकला सामान जागेवर राहतं, डिकीही नीटनेटकी दिसते. पण अरुंद तळाचं उंच खोकं तिच्यावर सरकत नाही, ते कलंडतं. असं खोकं आडवंच ठेवावं. आणि टक्करीला चटई एकटी पुरत नाही.

उभी खोकी, कप्प्यांचे ऑर्गनायझर, घडीचे क्रेट हे सगळं आवरण्याच्या खात्यातलं. ते घेऊ नका असं मी म्हणणार नाही. पण ऑर्गनायझरच्या तळाशी किंवा बाजूला पट्टा ओवायला जागा आहे का, ते पाहून घ्या. तशी जागा असेल तर तो कडीला बांधा आणि आतमध्ये फक्त हलकं ठेवा. तशी सोय नसेल तर तो डबा नुसता रचनेसाठी आहे हे लक्षात ठेवून त्याला सीटच्या पाठीला टेकवा, आणि उरलेल्या जागेत कपड्यांची बॅग, चादर, जॅकेट असं मऊ सामान गच्च बसवा. मऊ सामानाचा खरा उपयोग तोच. त्याला वेगळा कप्पा देऊन फुकट घालवू नये.

जॅक आणि पान्याकडे पाहिलं तर दोन्ही कामं एकत्र कशी जमतात ते दिसतं. तळाखाली त्यांच्यासाठी नेमक्या आकाराची खाच असते किंवा एक छोटा पट्टा असतो. अंधारातही हाताला लागतात आणि खड्ड्यातही खडखडत नाहीत. एकदा वापरल्यावर बरेच जण ते तसेच डिकीत टाकून देतात. दोन-तीन किलोचं मोकळं लोखंड मग सर्व सामानाच्या वर फिरत राहतं. ते पुन्हा त्याच खाचेत गेलंच पाहिजे.

लहान हॅचबॅकमध्ये कधी कड्याच नसतात. अशा गाडीत सर्वांत जड वस्तूला डिकीत ठेवूच नका. पुढच्या सीटच्या मागे, पाय ठेवायच्या खळग्यात ती ठेवा. तिथे ती खाली असते, पुढे सीट, मागे सीट, सरकायला वाव नाही. मागे कोणी बसलं असेल तर त्याच्या पायांची अडचण होईल, तेव्हा दुसऱ्या बाजूचा खळगा घ्या. पाण्याचा कॅन तिथे व्यवस्थित मावतो.